कालव्याच्या वाटेने

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसातला आम्ही उमरखेडहून सायकलींनी निघालो. नववीची सात मुलं, त्यांत चार मुली, आमचे एक सहकारी शिक्षक आणि आम्ही. पैनगंगेकडे जायला डांबरी रस्ता आहे, पण त्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. म्हणून इसापूर धरणाच्या कालव्याच्या कडेची मुरमाची वाट धरली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला तूर आणि हरभरा. हॉर्न नाही, धूर नाही.

परवानगी मिळवणं सायकल चालवण्यापेक्षा अवघड गेलं. एका मुलीच्या दादींनी विचारलं, “पोरी सायकलवर गावोगाव फिरणार? लोक काय म्हणतील?” शेवटी त्या मुलीची अम्मी स्कूटीवर मागोमाग येईल, या अटीवर दादी राजी झाल्या. सगळ्यांत जास्त मजा अम्मींनीच केली, हे दादींना कोणी सांगू नका. पावसाळ्यात निघण्याचा हट्ट मात्र आम्हीच मोडून काढला होता. 2021 च्या सप्टेंबरात दहागावच्या नाल्यात एसटी बस वाहून गेली, ते इथल्या कोणत्याही घराला विसरता येत नाही.

ही कल्पना सुचली ती वर्गात. अंदलुसचा विषय निघाला होता. अंदलुस म्हटलं की आपल्याला कुर्तुबाची मशीद आणि अल्हम्ब्रा आठवतं. पण स्पेनच्या उत्तरेकडे कॅस्टीलचा मुलूख आहे, उघडा, गव्हाचा, आपल्या काळ्या रानासारखा दूरवर पसरलेला. तिथे 207 किलोमीटरचा एक कालवा आहे. 1753 साली खोदायला घेतला, 1849 साली संपला. गहू भरलेल्या होड्या खेचरं काठाने चालून ओढत असत. पुढे रेल्वे आली आणि होड्या थांबल्या. आज त्या खेचरांच्या वाटेवर लोक सायकली चालवतात आणि वाटेतल्या गावांमधली जुनी चर्च पाहतात. त्या भागात सहागून नावाचं गाव आहे. तिथली सान तिर्सो आणि सान लोरेन्झो ही चर्च दगडाची नाहीत, विटांची आहेत. विटांच्या एकावर एक कमानी. हे काम मुसलमान गवंड्यांच्या हातच्या परंपरेतलं. राज्य ख्रिस्ती राजांकडे गेल्यावरही जे मुसलमान तिथेच राहिले, त्यांना स्पॅनिशमध्ये ‘मुदेहार’ म्हणतात. शब्द अरबी ‘मुदज्जन’वरून आलेला, ज्याला राहू दिलं तो, माणसाळलेला. कॅस्टीलमध्ये 1502 साली त्यांना धर्म सोडा किंवा देश सोडा असं सांगण्यात आलं, आणि 1609 पासून धर्म बदललेल्यांच्या वंशजांनाही हाकललं गेलं. विटा राहिल्या. आता त्या मुलखातली खेडीच रिकामी होत चालली आहेत. तरुण शहरांत गेले, आणि कित्येक गावांत चर्च बघायचं तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडे किल्ली मागावी लागते.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आपल्याकडे अशी गावं नाहीत का?”

आहेत की. आम्ही हो म्हटलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं, आमच्या नानांचं गावच तसं आहे, आणि तिथे आम्ही वीस वर्षांत गेलेलो नाही.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल.

पहिला थांबा वाटेवरच्या एका महादेवाच्या देवळापाशी घेतला. हेमाडपंती बांधणी, काळा दगड, चुना नाही. दगडात खाचा पाडून दगड बसवलेला. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, त्याच्या नावावरून हे नाव पडलं, म्हणजे तेराव्या शतकातली गोष्ट. एक मुलगा लांबच उभा राहिला. आम्ही म्हटलं, “बेटा, बांधकाम बघायला आलोय, जोडे काढ आणि हा सांधा बघ.” त्याचे अब्बा गवंडी आहेत. त्याने नख घालून पाहिलं, नख शिरलं नाही. मग तोच सगळ्यांना समजावू लागला.

पुढे नदी दिसू लागली. मुलांना सांगितलं, ही नुसती नदी नव्हती, सरहद्द होती. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे हदगावला निजामाचा. अलीकडे कचेरीत मराठी, पलीकडे उर्दू. नाणंही वेगळं, तिकडचा हाली सिक्का इकडे चालत नसे. सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर होत. आमची नानी पलीकडची. ती उर्दू वाचायची आणि मराठीत भांडायची. 1956 साली दोन्ही काठ एकाच मुंबई राज्यात आले.

मध्ये दोन पंक्चर झाले, बाभळीच्या काट्यांनी. पंप आणला होता, सोल्युशनची नळी वाळलेली निघाली. कापूस वेचणाऱ्या एका भाऊंनी स्वतःच्या सायकलच्या पिशवीतली दिली आणि पैसे घेतले नाहीत.

गावात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मशीद लहानपणी मोठी वाटायची. आता पाहिली तर एका खोलीएवढी. तीन कमानी, दोन बुटके मिनार, चुना पोपडे धरून सुटलेला, पश्चिमेच्या भिंतीला मेहराबच्या वरून खाली आलेली भेग. दाराला कुलूप. इथलं मुसलमानांचं शेवटचं घर बारा वर्षांपूर्वी उमरखेडला आलं, मुलांच्या शाळेसाठी. आमचे नाना त्याच्याही आधी. कोणी कोणाला हाकललं नाही. शेती तुटपुंजी, शाळा दूर, दवाखाना त्याहून दूर, एवढंच.

किल्ली शेजारच्या आजींकडे होती. काठी टेकत आल्या, मुलींकडे बघून म्हणाल्या, “कोनाच्या पोरी व्हय गं ह्या? सायकलीवर आल्या?” आम्ही नानांचं नाव सांगितलं. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “तुह्या नानाले मी राखी बांधत होते.”

आतली फरशी लख्ख होती. दर गुरुवारी झाडते, म्हणाल्या. उंबऱ्यावर उदबत्तीची राख पाहून आमचा एक हुशार विद्यार्थी पुढे सरसावला, “आजी, मशिदीत उदबत्ती...” आम्ही त्याचा हात दाबला. मसला आम्हालाही ठाऊक आहे. पण बारा वर्षं इथे झाडू कोणी मारला, हे त्याआधी विचारायला हवं होतं, आणि ते विचारायला आम्हाला तोंड नव्हतं.

कब्रस्तानात बाभूळ माजली आहे. नानांच्या अब्बांची कबर सापडेना. आजींनी काठीने दाखवली. उशाला कमरेएवढा खड्डा. गुप्तधनाच्या नादाने कोणीतरी एका अमावास्येच्या रात्री खणून गेलं. कुत्री भुंकली म्हणून आजी कंदील घेऊन बाहेर आल्या आणि ओरडल्या, तेव्हा माणसं पळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पोलीस पाटलाला बोलावून आणलं. गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हेच. मुलांनी हातांनीच माती लोटून खड्डा बुजवला. फातिहा पढताना आमचा आवाज नीट निघाला नाही.

जोहरची वेळ झाली. हापशावर वुजू केला. ज्याने नख घालून सांधा पाहिला होता, त्यालाच अजान द्यायला सांगितलं. आवाज फुटण्याचं वय, मध्येच चिरकला. रानातली दोन-चार माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ बैलगाडी थांबवून दारापर्यंत आले आणि नमाज संपेस्तोवर टोपी हातात घेऊन बाहेर बसून राहिले. नंतर त्यांनी मुलांना बोरं दिली.

आजींनी मुलींना आत नेऊन गूळ-शेंगदाणे खायला घातले. अम्मींच्या स्कूटीवर बसून गावाला एक फेरीही मारून आल्या.

निघताना आम्ही किल्लीचा विषय काढला. उमरखेडला दुसरी करून घेतो, तुम्हाला त्रास नको, असं काहीसं. आजींनी किल्ली पदराच्या गाठीत बांधली. “इथंच राहू दे. तू पुन्हा येशील तं माह्याकडूनच घे.”

तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर मशिदीची आणि कब्रस्तानाची काय नोंद आहे ते बघायचं आहे. उमरखेडातल्या सहा घरांशी, जी या गावची आहेत, बोलणं झालं. दोघांनी चुन्याचे पैसे दिले, एकाने “आता तिथे कोण जातं” म्हणून फोन ठेवला. त्या गवंडी अब्बांनी भेग येऊन बघतो असं सांगितलं आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी निघायचं ठरलंय. चुन्याची पोती स्कूटीवर, कुऱ्हाड आणि फावडी सायकलींना बांधून. दादींनी विचारलंय, मागच्या सीटवर जागा आहे का.