अठरा तास अभ्यास आणि बारा तासांची पाळी

दर एप्रिलमध्ये आपल्या विहारांत, वसतिगृहांत आणि ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना याहून चांगले अभिवादन नाही, असे आम्ही मानत आलो. हा उपक्रम भरवण्यात आम्हीही पुढे असतो. मागच्या वेळी मात्र आमच्या वस्तीतला एक मुलगा दुपारीच वही मिटून उठला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भिवंडीकडच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. कुणीतरी टोमणा मारला, "बाबासाहेबांसाठी एक दिवस निघत नाही का?" तो म्हणाला, "दादा, खाडा झाला की हजेरी कापतात." आणि पाळीवर निघून गेला.

त्या दिवशी अठरा तास बसलेल्यांना प्रमाणपत्रे मिळाली. बारा तास उभे राहून रात्री गाईड उघडणाऱ्याला आपण काय देतो? टोमणा. म्हणून हा लेख.

आपल्या चळवळीत कष्ट करून शिकणाऱ्याचे कौतुक फार होते. सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, 'परिस्थितीवर मात' असा मथळा होतो. पण एक मुलगा मात करून पुढे जातो, तेव्हा त्याच्याबरोबर प्रवेश घेतलेले किती जण दुसऱ्या वर्षाला दिसत नाहीत, हे कुणी मोजत नाही. त्यांची बुद्धी कमी पडली का? त्यांना वेळ कमी पडला. आणि वेळही जातीप्रमाणेच वाटला गेलेला आहे. ज्याच्या घरात तीन पिढ्यांचा पगार आणि मालकीची खोली आहे, त्याचा मुलगा पूर्णवेळ विद्यार्थी असतो. आपला मुलगा आधी पूर्णवेळ कामगार असतो आणि उरलेल्या वेळात विद्यार्थी. मुलीला तर नोकरी आणि कॉलेज यांच्या जोडीला घरातला स्वयंपाक आणि धुणीभांडी ही तिसरी पाळी असतेच.

बाबासाहेबांचे उदाहरण देताना आपण अर्धीच गोष्ट सांगतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. म्हणजे पैशाअभावी त्यांचेही शिक्षण तुटले होते. ते पुन्हा जोडले गेले ते जिद्दीने, आणि त्याचबरोबर हाताशी आलेल्या पैशाने. अठरा तास अभ्यासाला अठरा तास मोकळे लागतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

म्हणूनच त्यांनी नुसता उपदेश केला नाही, व्यवस्था उभी केली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथे वर्ग सकाळी भरत, कारण मुलांना नंतर कचेरी गाठायची असे. आपल्या आधीच्या पिढीतले कितीतरी कारकून, शिक्षक, वकील त्या सकाळच्या वर्गांतून घडले. त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली होती. दोन्ही ठिकाणी शिकणाऱ्याने वेळापत्रकाला शरण जायचे नव्हते, वेळापत्रक त्याच्या पोटापाण्याभोवती बांधले होते.

आज नेमके उलटे चालले आहे. शिष्यवृत्ती हवी तर ७५ टक्के उपस्थिती हवी. अट कागदावर रास्त दिसते, पण सकाळी नऊला पाळीवर जाणारा मुलगा अकराच्या तासाला कुठून येणार? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. मुलगा महिना १५ हजार कमावतो, बाप कंत्राटी सफाई कामगार म्हणून १० हजार. मुलाचा पगार घराच्या उत्पन्नात धरला की वर्षाचे होतात तीन लाख. निर्वाह भत्ता गेला! म्हणजे भत्ता पुरत नाही म्हणून नोकरी धरायची आणि नोकरी धरली म्हणून भत्ता घालवायचा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आली, तेव्हा मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६० हजार ठरले. महिन्याला ५ हजार. त्यात खोली, खानावळ, प्रवास आणि पुस्तके. तेही बहुतेकदा वर्ष सरता सरता खात्यात येतात.

दुसऱ्या बाजूने कामाचे तास ताणले जात आहेत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा १९४६ मध्ये आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, असा युक्तिवाद होतो. पण ज्या दिवशी बारा तास काम आणि तीन तास लोकल, त्या दिवशी कुठले कॉलेज? कामगार कायद्याचा प्रश्न हा आपल्या शिक्षणाचाच प्रश्न आहे, हे आपण कधी ओळखणार?

नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येते आणि क्रेडिट साठवून पुन्हा येता येते. नोकरी करणाऱ्यांची ही सोय आहे, असे सांगतात. बाहेरचे दार उघडे आहे खरे. पण घरचा हप्ता सुरू झाल्यावर आत परत कोण येतो? परतीची तरतूद पैशाने आणि वेळेने होत नसेल, तर ही सोय आपल्या मुलांच्या गळतीला दिलेले गोंडस नाव ठरेल.

मग करायचे काय? नोकरी सोडा, असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. घर चालवणाऱ्याला असा सल्ला देणे पाप आहे. पण नुसते नाव टाकून परीक्षेपुरते उगवायचे आणि 'अपेक्षित' घोकून पदवी काढायची, हाही मार्ग नाही. तास बुडणारच असतील, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूला सरळ प्रवेश घ्यावा. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यात कमीपणा नाही. रोजचा दीड तास ठरवून घ्यावा आणि तो घरच्यांनीही पाळावा. बहीण शिकत असेल तर भावाने भांडी घासावीत. पंचशील घेणाऱ्या घरात एवढे तरी व्हायला हवे.

समाज म्हणून आपली जबाबदारी याहून मोठी आहे. आपल्या किती विहारांना रात्री नऊला कुलूप लागते? जयंतीच्या ध्वनिवर्धकासाठी दारोदार वर्गणी फिरते, पण अभ्यासिकेचे वीजबिल भरायला कुणी नसते. रात्री दहा ते एक विहार उघडा राहिला, एका निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोन दिवस दिले, चार खुर्च्या आणि एक वायफाय लावले, तर पाळीवरून आलेल्या मुलामुलींना बसायला जागा होईल. मुली येणार असतील, तर रात्री त्यांना घरी सोडण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. आणि संघटनांनी मागण्या नेमक्या कराव्यात: नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळ-संध्याकाळचे अनुदानित वर्ग, उपस्थितीच्या अटीत सवलत, उत्पन्नातून विद्यार्थ्याचा पगार वगळणे आणि भत्ता दर महिन्याला.

येत्या एप्रिलमध्ये अठरा तासांचा उपक्रम आम्ही पुन्हा भरवू. या वेळी मात्र पाळी संपवून रात्री अकराला येणाऱ्यासाठी दार उघडे असेल. तो दोनच तास बसला, तरी पहिली खुर्ची त्याची.

जय भीम!