सोयाबीनची प्रत कोण मोजणार?



कापूस बाजारात नेला की व्यापारी मूठभर कापूस घेऊन धागा ओढून पाहतो. लांब धाग्याला भाव वेगळा, मध्यमला वेगळा. पावसात ज्वारी काळी पडली की तिचा भाव पडतो. सोयाबीनचा मात्र ओलावा आणि काडीकचरा पाहिला की शेगाव-खामगावच्या बाजारात काम संपते. सरकारचेही तेच. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. दाण्यात प्रथिने किती, याचा त्यात हिशेब नाही. कारण सोयाबीन घेतले जाते तेल आणि ढेपीसाठी.

टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, करणारा हाच दाणा वेगळ्या नजरेने पाहतो. प्रथिने जास्त तर पनीर जास्त. प्रथिनांत ग्लायसिनिनचा वाटा मोठा असेल तर वडी घट्ट बसते. दाण्याचा डोळा काळा असेल तर पनीर मळकट दिसते. 1994 च्या जेएस-335 चा डोळा काळाच आहे. दाणा फुटला की हिरवट वास वाढतो. ओला माल कोंदट गोदामात राहिला की प्रथिने दुधात नीट उतरत नाहीत, पनीर कमी निघते. हिरवट वासाचे मुख्य विकर नसलेले एनआरसी-142 हे वाण इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने काढले आहे.

शेतकी कॉलेजात आम्हाला एकरी उतारा वाढवायला शिकवले. त्या उताऱ्यातल्या गुणाचे दाम कसे घ्यायचे, हे कोणी शिकवले नाही. आज तीच मंडळी सांगतात, बचत गटांनी प्रक्रिया उद्योग काढावा. पण दहा वावरांचा, पाच वाणांचा माल एका ढिगात पडत असेल, तर गटातल्या बायांनी चांगले पनीर करायचे कशाचे?

म्हणून दोन कामे. आपले काम : ज्याला असा माल विकायचा त्याने एकच वाण वेगळे ठेवावे, गंजी भिजू देऊ नये, मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या आत ठेवावेत, पोती कोरड्या जागी फळीवर रचावीत. बाजार समितीचे काम : प्रथिने मोजणारे यंत्र बसवावे. ते मिनिटभरात आकडा देते. त्या आकड्यावर भाव ठरावा.

ओलावा मोजून भाव कापता येतो, तर प्रथिने मोजून वाढवताही येतो. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडा. मोजमाप फक्त कापण्यापुरते का, हे विचारल्याशिवाय उठू नका.