काठी उगारण्यापूर्वी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

माझे वडील गावची गुरे राखतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे काठी कशी वापरावी, हे मी पुस्तकात नव्हे, घरीच शिकलो. वडील सांगतात, "कळप अरुंद वाटेत अडला, तर मागून काठी मारायची नाही. आधी पुढे जाऊन वाट मोकळी करायची. नाहीतर वासरं तुडवली जातात."

नागपूरला झिरो माइलजवळ गोवारी शहीद स्मारकापाशी उभा राहिलो, तेव्हा हेच शब्द आठवले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हजारो गोवारी बांधवांचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, ही त्यांची मागणी. मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवण्यात आला. कोणी मंत्री येऊन निवेदन घेईल, या आशेवर लोक ताटकळत राहिले. कोणीच आले नाही. संध्याकाळी रेटारेटी झाली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. मित्रहो, हे बळी बंदुकीचे नव्हते!

१९९७ साली मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात १० जण ठार झाले. २०११ साली मावळात ३ शेतकरी. गोळीची भीषणता सर्वांनाच कळते. परंतु जिथे पळायला वाट नाही, तिथे लाठीही तितकीच जीवघेणी ठरते. जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा, न ऐकल्यास बळ वापरावे, असे आपला कायदा सांगतो. पण 'निघून जा' म्हणताना जायला जागा नको का?

कोणी विचारील, पोलिसांवर दगड पडत असताना त्यांनी गप्प बसावे काय? मुळीच नाही. पोलीसही कुणाचा तरी मुलगाच असतो. पण जगाकडे जरा पाहा. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने दरवर्षी हजाराच्या आसपास माणसे मरतात. तिथे लोकांच्याही हाती बंदुका आहेत, हे खरे. उलट ब्रिटनमध्ये बहुसंख्य पोलीस बंदूक न घेताच गस्त घालतात; गरज पडली तर सशस्त्र पथक बोलावले जाते. चाकू घेतलेल्या माणसापासूनही अंतर राखायचे, वेळ काढायचा, बोलत राहायचे, हे त्यांना शिकवले जाते. २०१५ साली अमेरिकेतील पोलीस अधिकारी हेच पाहायला स्कॉटलंडला गेले होते. बलाढ्य देशाला शिकण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. आपल्याच वर्गातील कितीतरी मुलेमुली पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात. मीही धावतो. १६०० मीटरची वेळ मोजतो, गोळा फेकतो, अंकगणिताची पुस्तके पाठ करतो. पण संतापलेल्या माणसाशी कसे बोलावे, याचा सराव आम्ही एक दिवसही केलेला नाही. भरतीत त्याला गुणच नाहीत!

उद्या वर्दी अंगावर आली, तर अशाच एखाद्या मोर्चासमोर मला उभे राहावे लागेल. समोर माझीच माणसे असतील. माणसे म्हणजे गुरे नव्हेत. पण गुरांसाठी माझा अडाणी बाप जेवढा विचार करतो, तेवढा तरी माणसांसाठी व्हावा. काठी उगारण्यापूर्वी वाट मोकळी आहे का, हे मी पाहीन. आणि त्याही आधी, निवेदन घ्यायला कोणीतरी पुढे यावे, एवढे मागणे शासनाकडे मागीन.