कानस उचलण्याआधी

जुन्या रिव्हॉल्व्हरची गोळी खाली लागते म्हणून लगेच त्याच्या माशीवर कानस चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी नेम धरायची जागा बदलून पाहावी. आणि तीही बदलण्याआधी पुरेशा गोळ्या कागदावर पडू द्याव्यात.

आपण रेंजवर .22 रायफल चालवतो. मागची साइट हलवता येत असेल, तर चुकलेली दुरुस्ती उलट फिरवून परत घेता येते. जुन्या रिमफायर रिव्हॉल्व्हरला ही सोय बहुधा नसते. स्मिथ अँड वेसन कंपनीने 1857 मध्ये सात गोळ्यांचे .22 रिमफायर रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, त्याच्या साइट पक्क्या होत्या. पुढच्या काळातल्या अनेक लहान रिव्हॉल्व्हरचीही हीच रचना: मागे फ्रेमच्या माथ्यावर कोरलेली खाच आणि पुढे नळीच्या टोकाला माशी. इथे दुरुस्ती म्हणजे धातू कापणे.

नियम सोपा आहे. गोळी खाली लागत असेल तर माशीची उंची कमी करायची. किती कमी, ते गणितातल्या समरूप त्रिकोणांनी निघते. खाच आणि माशी यांच्यातले अंतर 150 मिलिमीटर आणि टार्गेट 15 मीटरवर असेल, तर प्रमाण 1 ला 100 होते. माशी 1 मिलिमीटर कापली की गोळी 10 सेंटिमीटर वर जाते. आपल्या वहीच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते. म्हणजे एका कागदाइतका धातू गेला तरी टार्गेटवर 1 सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन हात जास्त पडले तर गोळी कायमची वर लागू लागते, आणि कापलेला धातू काही परत चिकटत नाही.

माझ्या काकांकडे परवान्याचे एक जुने .22 रिव्हॉल्व्हर आहे. गेल्या सुट्टीत ते रायफल क्लबमधून एक टार्गेट घेऊन घरी आले. काळा गोल 8 सेंटिमीटरचा आणि तिन्ही गोळ्या त्याच्या खाली, डावीकडे. "उद्या कारागिराकडे नेतो, माशी थोडी घासून घेतो," ते म्हणाले. माझे आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी टार्गेट हातात घेतले आणि विचारले, "कुठल्या कप्प्यातल्या गोळ्या ह्या? हात टेकवला होतास का? नेम कुठे धरला होतास?" पहिल्या दोन प्रश्नांना काकांकडे उत्तर नव्हते. तिसऱ्याचे होते: गोलाच्या खालच्या कडेवर, घड्याळातल्या सहाच्या जागी.

पुढच्या रविवारी काकांनी वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, घोडा आधी मागे ओढून, सहाही कप्प्यांतून प्रत्येकी चार अशा 24 गोळ्या झाडल्या. काडतुसे एकाच डब्यातली होती. मी मागे बसून कोणती गोळी कोणत्या कप्प्यातली ते लिहीत होतो. कागदावर तीन गोष्टी दिसल्या. ग्रुप डावीकडे नव्हताच. उजव्या हाताने चाप झटक्यात ओढला की गोळी खाली आणि डावीकडे जाते, ते पिशवीवर थांबले. दुसरे, एका कप्प्याच्या चारही गोळ्या बाकीच्यांपासून उजवीकडे दूर पडल्या होत्या. रिव्हॉल्व्हरला नळी एक असते पण कप्पे अनेक, आणि जुन्या हत्यारात प्रत्येक कप्पा नळीसमोर नेमका येतोच असे नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उरलेल्या 20 गोळ्या गोलाच्या खालच्या कडेभोवती होत्या. म्हणजे जिथे नेम, तिथेच गोळी. रिव्हॉल्व्हर बरोबर होते. काकांना सवय होती कडेवर नेम धरून मध्यभागी गोळी मिळण्याची. त्यांनी नेम गोलाच्या मध्यावर धरला आणि गोळ्या मध्यावर आल्या. झटका घालवायला आता ते कोरडा सराव करतात, पण झाडलेली रिकामी काडतुसे भरून. रिमफायरमध्ये घोड्याची टोची काडतुसाच्या कडेवर आपटते. कप्पा रिकामा असेल तर ती थेट कप्प्याच्या कडेवर बसते आणि दोन्ही खराब होऊ शकतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. काळ्या गोलावर काळी माशी नीट दिसत नाही, म्हणून स्पर्धेत खालच्या कडेवर नेम धरणेच अनेकांना सोयीचे वाटते. ज्याला रोज तसाच नेम धरायचा आहे, त्याने माशी जरूर कमी करून घ्यावी. पण ग्रुप पक्का झाल्यावर, काडतूस ठरवल्यावर, जाणत्या कारागिराकडून. थोडे घासून पुन्हा गोळ्या झाडून पाहाव्यात, आणि ग्रुप अजून किंचित खाली असतानाच थांबावे. माझा विरोध कानशीला नाही, तीन गोळ्यांवर ती उचलण्याला आहे.

हे मी शाळेच्या मासिकात लिहितो आहे, कारण संघनिवडीत आपण नेमके हेच करतो. ज्युनियर कॅडेटला पाच गोळ्या मिळतात. एक बाहेर गेली की त्याचे नाव कटते आणि "याचा हात हलतो" हा शिक्का वर्षभर राहतो. ती गोळी रायफलची होती, काडतुसाची होती, दमलेल्या श्वासाची होती की खरोखर त्याच्या हाताची, हे एका भोकावरून कोणालाच सांगता येणार नाही. बारा वर्षांच्या मुलाचे नाव कटले की तो पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतोच असे नाही. पालकही एका युनिट टेस्टचे गुण पाहून फोनवर असाच निकाल देतात. आमच्या डॉर्ममध्ये रविवारी संध्याकाळी असे फोन रोजच्या ओळखीचे आहेत.

उस्तादांकडे माझी एक विनंती आहे. या सत्रात प्रत्येक ज्युनियरला तीन वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप द्यावेत. टार्गेटवर तारीख आणि रायफलचा नंबर लिहून ती फाइलला लावावीत, आणि निवड तिन्ही कागद शेजारी ठेवून करावी. एका कॅडेटमागे दहा गोळ्या जास्त लागतील. काडतुसे कमी पडत असतील तर आम्हा सीनियरांच्या सरावातल्या कमी कराव्यात. माझ्या वाटच्या दहा मी आजच सोडतो.