वीजबिल वाचायला शिकवूया



गणिताच्या तासासाठी मी चौथीच्या मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगितलं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, आम्ही ऊसतोडीला गेलो होतो, घराला कुलूप होतं. तरी बिल कसं आलं?"

उत्तर बिलावरच असतं. युनिट शून्य असले तरी 'स्थिर आकार' लागतो. खांब, तारा, डीपी यांचा खर्च घर बंद असतानाही चालूच राहतो. तो भरायला हवा हे मान्य, पण किती?

दुसरा मुलगा म्हणाला, "मग दुसऱ्या दुकानातून घ्यायची वीज!" तेच तर जमत नाही. मुंबईचे काही भाग सोडले तर आपल्या राज्यात घरगुती ग्राहकाला कंपनी निवडता येत नाही. एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे खांब उभे करणं परवडणारंही नाही. म्हणून २००३ च्या वीज कायद्यानुसार दर राज्य विद्युत नियामक आयोग ठरवतो. कंपनीचा प्रस्ताव आधी जाहीर होतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. गेलेली लाईट ठरलेल्या मुदतीत आली नाही तर भरपाईचीही तरतूद आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जिथे दुकान बदलता येत नाही, तिथे हरकत घेणं हीच आपली ताकद. पण बिलच वाचता येत नसेल तर हरकत कशावर घेणार?

या महिन्याचं बिल आलं की मुलांना सोबत घेऊन बसा. एकेक आकार वाचा, बेरीज त्यांनाच करू द्या.