आठ चोक बत्तीस

“बत्तीस इंची आता कोण घेतंय, मावशी? त्रेचाळीसच्या खाली बघूच नका.”

बीडमध्ये एका दुकानात मिक्सरचं भांडं घ्यायला गेले होते, तिथं हे बोलणं कानावर पडलं आणि आठवडाभर ते डोक्यातून जायला तयार नाही. मावशी साठीच्या पुढच्या, सोबत मुलगा आणि सून. त्यांना बत्तीस इंचीच हवा होता, तसं त्या दोनदा बोलल्याही. काउंटरवरच्या मुलानं त्यांना भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीसमोर नेऊन उभं केलं. त्यावर पेनड्राइव्हमधला मोर नाचत होता, पिसातली रेघ न् रेघ दिसेल इतका स्वच्छ. मावशी गप्प झाल्या. त्यांच्या मुलानं त्रेचाळीस इंची घेतला, हप्ते बांधून घेतले आणि निघताना विचारलं, “घरी फ्री डिश हाय, त्याला चालतंय ना?” उत्तर आलं, “पळतंय की!”

पळणार, यात शंका नाही. पण त्या मोरासारखं दिसणार नाही, हे त्या घराला सांगणं दुकानाचं काम होतं. ते केलं नाही, याचा मला राग आला आहे.

मोठ्या टीव्हीची ही लाट का आली तेही सांगते. 32 इंचांपर्यंतच्या टीव्हीवर 1 जानेवारी 2019पासून 18 टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर 28 टक्के. 22 सप्टेंबर 2025पासून मोठ्यावरचा करही 18 टक्क्यांवर आला. 32 या आकड्यावरची कराची रेघ पुसली गेली आणि दुकानदारांना मोठा टीव्ही पुढं करायला आयतं निमित्त मिळालं. कर कमी झाला, चांगलं झालं. माझं भांडण कराशी नाही. माझं म्हणणं एवढंच की खोली केवढी आहे हे विचारल्याशिवाय वस्तू गळ्यात मारू नये. टीव्हीच्या बाबतीत तर खोलीसोबत आणखी एक गोष्ट विचारायला हवी. घरात चित्र येतं कुठून?

आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर ते बऱ्याचदा फ्री डिशच्या छत्रीतून येतं. डिसेंबर 2004मध्ये दूरदर्शननं ही सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं 33 चॅनलांवर सुरू केली. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. ज्या घराचं उत्पन्न हंगामावर अवलंबून आहे, त्या घरासाठी यासारखी दुसरी सोय नाही आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. यातली बहुतेक चॅनलं मात्र एसडी, म्हणजे साध्या प्रतीची. केबलवाल्यांची गोष्टही फार वेगळी नाही. 2019मध्ये आलेल्या दरपद्धतीत एक एचडी चॅनल दोन एसडी चॅनलांएवढं मोजलं गेलं, त्यामुळं पैसे भरणारी अनेक घरंसुद्धा एसडीवरच राहिली.

एसडीचं चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं असतं. म्हणजे 4,14,720 ठिपके. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर याच्या बरोबर पाचपट ठिपके असतात आणि फोर-के टीव्हीवर बरोबर वीसपट. उपग्रहावरून ठिपका एक आला, तर फोर-के टीव्हीला उरलेले एकोणीस आजूबाजूला बघून अंदाजानं भरावे लागतात. शिवाय उपग्रहावरची जागा महाग, म्हणून थोड्या जागेत अनेक चॅनलं दाबून बसवलेली असतात. हे दाबणं चित्राचे बारीक चौकोन पाडून केलं जातं. माणूस स्थिर बसून बोलत असेल तर काही कळत नाही. पण आषाढीला पंढरपूरहून थेट प्रक्षेपण सुरू असताना विठ्ठलाचं मुख नीट दिसतं आणि कॅमेरा वाळवंटातल्या गर्दीवर गेला की माणसांचे चौकोन होतात, ते यामुळं. छोट्या पडद्यावर हे चौकोन मुगाएवढे असतात. पडदा मोठा केला की तेही मोठे होतात. टीव्ही कितीही महागाचा घ्या, जे आलंच नाही ते तो दाखवू शकत नाही.

मग किती मोठा घ्यावा? निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या अंतरावरच्या दोन रेघा वेगळ्या ओळखता येतात. हा हिशोब एसडीच्या 576 रेघांना लावला, तर पडद्याच्या उंचीच्या सहापट लांब बसल्यावर रेघा एकमेकींत मिसळतात आणि चित्र सलग दिसतं. 32 इंची टीव्हीची उंची जेमतेम 16 इंच, म्हणजे आठ फुटांवरून चित्र छान. 24 इंचीला सहा फूट पुरतात. 43 इंचीला साडेदहा फूट लागतात आणि 55 इंचीला साडेतेरा. एवढं लक्षात ठेवायचं नसेल तर पाढा म्हणा. बसण्याची जागा पडद्यापासून किती फूट, त्याला चारनं गुणा, तेवढे इंच. सहा चोक चोवीस, आठ चोक बत्तीस. एसडी बघणार असाल तर याच्या पुढं जाऊ नका. ज्याच्या घरी खरंच एचडी येतं, त्यानं चारच्या जागी सात धरावा. तो आठ फुटांवरून 55 इंची खुशाल बघू शकतो, त्याला माझा विरोध नाही.

आता आपल्या घरांत आठ फूट तरी कुठून आणायचे? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे साधारण 270 चौरस फूट. त्यात पुढची खोली दहा बाय दहाची, फार तर दहा बाय बाराची. एका भिंतीला पलंग, समोरच्या भिंतीवर टीव्ही. पलंगावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंत सात, फार तर आठ फूट. त्यातही टीव्ही कुठं लागेल हे घरातलं माणूस ठरवत नाही, वायरमननं बोर्ड जिथं काढला ती जागा ठरवते. बोर्ड दाराशेजारी खांद्याच्या वर, म्हणून टीव्ही तिथं, आणि खाली वाकळेवर बसलेल्यांच्या माना दिवसभर वर. घरकुलाचं काम चालू असेल तर बोर्ड काढायच्या आधीच टीव्हीची भिंत ठरवा आणि बसलेल्या माणसाच्या नजरेच्या रेषेत प्लग काढून घ्या. नंतर भिंत फोडण्यापेक्षा हे सोपं.

पूर्वी चौकोनांचा आणि अंतराचा हा प्रश्नच आला नाही. 25 जानेवारी 1987ला ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा गावात मोजके टीव्ही. डबा ओसरीत ठेवायचा आणि अंगणात अर्धी गल्ली बसायची, पुढचा माणूस सहा-सात फुटांवर, मागचा वीस फुटांवर. त्या डब्याच्या काचेवर ठिपक्यांच्या कडा मुळातच मऊ दिसायच्या. माळवदावर चढून अँटेना फिरवणारं पोरगं आणि खालून “आलं, आलं, गेलं!” ओरडणारी माणसं ज्यांना आठवतात, त्यांना मुंग्या आठवतील, पण चौकोन आठवणार नाहीत. ते जमिनीवरच्या मनोऱ्यांचं प्रक्षेपण दूरदर्शननं टप्प्याटप्प्यानं बंद करत आणलं आणि 2022पर्यंत बहुतेक ठिकाणी ते थांबलं.

वडवणी तालुक्यातल्या एका गावात ओळखीच्या घरी गेले होते, तिथली गोष्ट मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते. मुलगा आणि सून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेलेले. दिवाळीनंतर गेलेलं कोयतं कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाही, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. घरी आजी, आजोबा आणि शाळेतली दोन नातवंडं. गेल्या हंगामाच्या पैशातून मुलानं आईबापासाठी मोठा टीव्ही घेऊन ठेवलेला. आई-वडिलांना करमावं म्हणून लेकरानं कष्टाचा पैसा घातला, त्याच्याबद्दल माझ्याकडं फक्त कौतुक आहे. पण आजी बसल्या होत्या त्या टीव्हीपासून हातभर अंतरावर.

“माणसं दिसायलीत, पर तोंडं वळखू येईनात,” त्या म्हणाल्या.

“मग इतक्या म्होरं कामून बसता?”

“मागं बसलं की ऐकू येईना, बाई.”

मी चित्राचा विचार करत गेले होते आणि प्रश्न निघाला आवाजाचा. त्या दिवसापासून मी ज्या ज्या घरी गेले, तिथं म्हातारी माणसं कुठं बसतात ते बघते आहे. कितीतरी जण पुढं सरकतात ते दिसत नाही म्हणून नाही, ऐकू येत नाही म्हणून. जुन्या डब्याला खोली होती, पोकळी होती, आणि स्पीकरचं तोंड बहुधा समोर किंवा बाजूला. आजच्या टीव्हीची जाडी चार बोटं. त्यात स्पीकर मावायला जागा नाही, म्हणून तो खालच्या किंवा मागच्या बाजूला. भिंतीला टांगलेल्या टीव्हीतून आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग सिमेंटच्या उघड्या खोलीत घुमतो, आणि मग आजीपर्यंत पोचतो. वय झालं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, त, क ही अक्षरं त्यातलीच. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. नातवंडं आवाज वाढवतात, त्यानं घुमणं वाढतं, अक्षरं तशीच हरवलेली राहतात. शेवटी माणूस उठून पडद्याजवळ जाऊन बसतो आणि तिथून एसडीचं चित्र फुटकं दिसणारच.

यावर उपाय स्वस्त आहे आणि तो दुकानात कुणी सुचवत नाही. बत्तीस इंची टीव्ही घ्यावा आणि वाचलेल्या पैशातून एक साधा छोटा स्पीकर. तो टीव्हीजवळ ठेवायचा नाही, आजी बसतात तिथं, उशाजवळ, कानाच्या उंचीवर ठेवायचा. वायरीचा चालेल, ब्लूटूथचा असेल तर टीव्हीत ती सोय आहे का ते आधी बघा. बऱ्याच टीव्हींच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणं ठळक करणारा पर्यायही असतो, तो लावून द्या. आवाज जवळ आला की माणूस आपोआप मागं बसतो.

काही म्हाताऱ्या माणसांना मात्र खरोखर मोठा पडदा बरा पडतो. डोळ्यालाच धूसर दिसत असेल तर चौकोन आणि रेघा त्याला जाणवतच नाहीत, मोठं तोंड तेवढं ओळखू येतं. हे मी मान्य करते. पण घरातलं माणूस मोठा टीव्ही मागत असेल तर आधी त्याचे डोळे तपासून आणा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. टीव्हीच्या हप्त्यांआधी हे व्हायला हवं.

आणि ज्यांनी मोठा घेतलाच आहे त्यांनी परत करायला धावू नये. बॉक्सला एचडीएमआयचं छिद्र असेल तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर काढून एचडीएमआयची लावा, रंगांच्या कडा लगेच सुधारतात. दुकानात लावून दिलेला भडक ‘विविड’ मोड बदला. ‘शार्पनेस’ खाली आणा, कारण तो तपशील वाढवत नाही, चौकोनांच्या कडा ठळक करतो. जुना चित्रपट चालू असताना चेहरे पसरट दिसत असतील तर रिमोटवरून चित्राचं माप 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळी पट्टी येईल, ती असू द्या, चेहरे तरी खरे दिसतील. पलंग टीव्हीसमोरच्या लांबच्या भिंतीला सरकवता आला तर सरकवा.

बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, गेवराई, जिथं जिथं टीव्ही विकले जातात तिथल्या दुकानदारांना माझं एक मागणं आहे. गच्चीवर एक फ्री डिशची छत्री लावा. गिऱ्हाईक आलं की मोर बंद करा, घरी जे चॅनल लागतं ते लावा, आणि सात फुटांवर एक खुर्ची ठेवून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तिथं बसवा. त्यांना जो टीव्ही बरा वाटेल, तोच बांधून द्या.