पिंजरा लावला की धोका टळतो?

बंगळूरमधल्या मारतहळ्ळीजवळच्या कुंदलहळ्ळी भागात 7 फेब्रुवारी 2016 रोजी एका शाळेत बिबट्या शिरला. रविवार असल्यामुळे वर्ग रिकामे होते. त्याला पकडण्याच्या झटापटीत वन्यजीव अभ्यासक संजय गुब्बी यांच्यासह काही जण जखमी झाले. पुढच्या काही दिवसांत आणखी बिबटे फिरत असल्याच्या अफवांनी शंभराहून अधिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पकडलेला बिबट्या बन्नेरघट्ट्याच्या प्राणी उद्यानात नेला, तर आठवडाभरातच तो तिथून निसटला. तरीही बंगळूरच्या या वेशीवर बिबट्या दिसला की पहिली मागणी असते, ‘पकडा आणि दूर जंगलात सोडा.’ सांगलीकडे कृष्णाकाठी मगरीच्या बाबतीत हेच ऐकू येते. या मागणीमागची भीती खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे आणि तो माणसांचाच धोका वाढवतो.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. जुन्नर वन विभागात 2001 ते 2003 या काळात सुमारे 40 बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. त्यांतले बहुतेक माणसांवर हल्ला केल्यामुळे नव्हे, तर जनावरे मारल्यामुळे पकडलेले होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेची आकडेवारी तपासली. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. कारण समजण्यासारखे आहे. अनोळखी मुलखात टाकलेल्या, पिंजऱ्यात बिथरलेल्या जनावराला लपायच्या जागा, भक्ष्य, माणसांच्या वाटा यांतले काहीच ठाऊक नसते. शिवाय मोकळ्या झालेल्या क्षेत्रात दुसरा बिबट्या येतो. मगरींचा अनुभवही असाच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये खाऱ्या पाण्यातल्या तीन मगरींना उपग्रहाला जोडलेली यंत्रे बसवून दूर सोडले, तेव्हा तिन्ही आपल्या नदीत परत आल्या. त्यांतली एक केप यॉर्कला वळसा घालून 20 दिवसांत 400 किलोमीटरहून अधिक पोहली. फ्लोरिडात म्हणूनच उपद्रवी ॲलिगेटर दुसरीकडे नेऊन सोडण्यावर भिस्त ठेवत नाहीत, ते सहसा मारलेच जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे रानातल्या ॲलिगेटरला खाऊ घालणे गुन्हा आहे, कारण माणसाच्या हातून खाणे मिळू लागले की त्याची माणसाविषयीची भीती जाते.

यावर कुणी म्हणेल, ‘शाळेत शिरलेल्या बिबट्याकडे काय बघत बसायचे?’ मुळीच नाही. इमारतीत अडकलेले जनावर बाहेर काढलेच पाहिजे, आणि माणसावर वारंवार हल्ला करणारे जनावर कायमचे बंदिस्त केले पाहिजे. माझा विरोध आहे तो तलावाकाठी नुसते दर्शन झाले म्हणून पिंजरा लावण्याला. अडकलेले जनावर काढायचे तरी गर्दी हटल्याशिवाय ते नीट होत नाही. बंगळूरमध्येच कूडलू गेटजवळ 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पकडण्याच्या प्रयत्नात बिबट्या गोळी लागून मेला. प्राण्याला निसटायला वाट नसली की माणूस आणि जनावर दोघांचाही जीव धोक्यात येतो. भुलीचे औषधही लगेच काम करत नाही, मधली मिनिटे फार धोक्याची असतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सहजीवनाच्या गोष्टी शहरातल्या माणसाला सोप्या, ज्याचे मूल उसाच्या फडाशेजारी खेळते त्याचे काय? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच त्या माणसाला पिंजऱ्यापेक्षा अधिक काही द्या असे म्हणतो. शेतीला दिवसा वीज मिळाली तर रात्री पाणी धरायला जावे लागणार नाही. गोठा पक्का आणि बंद हवा, जनावर गेले तर भरपाई वेळेवर हवी. महाराष्ट्रातल्याच अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा, त्यातही कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. हा धागा मारतहळ्ळीपर्यंत येतो. वर्तूर–बेळ्ळंदूरच्या पट्ट्यात रस्त्याकडेला ओला कचरा साचू दिला तर त्यावर कुत्री आणि डुकरे वाढणारच, आणि बिबट्याला तीच शिकार सोपी. तेव्हा कचरा संध्याकाळपूर्वी उचलणे आणि भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करणे ही महानगरपालिकेची कामे वन्यजीव-सुरक्षेचीच कामे समजली पाहिजेत. कृष्णाकाठी मगरीपासून संरक्षण म्हणजे धुणे धुण्यासाठी आणि गुरांना पाणी पाजण्यासाठी जाळीने सुरक्षित केलेला घाट. हा खर्च ग्रामपंचायतीवर न ढकलता सरकारने उचलावा, आणि तो पहिल्या हल्ल्याची वाट न पाहता.